वहिनीचे बटाटे

आमच्या घरातलं माणूस बटाटे उकडून बरोबर घेतल्याशिवाय प्रवासाला निघत नाही. जवळ जायचं असो की लांब, एका डब्यात सालासकट उकडलेले बटाटे आणि कागदाच्या पुडीत मीठ हे ठरलेलंच. ही शिस्त माझ्या वहिनीची. उकडलेला बटाटा कुणालाच नाही म्हणत नाही, असं ती म्हणायची. पोर रडलं की मीठ लावून हातात द्या, पावात घाला, रश्श्यात सोडा, काहीच नसेल तर नुसता खा. वहिनी गेली त्याला आता काही वर्षं झाली. बटाटे मात्र कुणी सोडले नाहीत.

मी त्या घरातली आत्या. टपाल कचेरीच्या खिडकीमागे बसून नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि मला राग लवकर येतो. जातो मात्र सावकाश. माझा मोठा भाऊ, दादा, जन्मभर बस चालवत होता. मी साठी ओलांडली तरी तो मला चिमणे म्हणतो. माझं वजन बघता हे धाडसच आहे, पण त्याला कोण सांगणार.

निवृत्त झाल्यावर दादानं एक जुनी मोटरहोम विकत घेतली. म्हणजे चाकांवरचं घरच. पुढे चालकाची जागा, मागे दोन बर्नरची शेगडी, बेसिन, एवढासा फ्रिज आणि झोपायचे बाक. वहिनी असताना दोघं घेणार होते, ते राहून गेलं. बाकांवरच्या गाद्या पार फाटल्या होत्या, म्हणून दादा त्या घेऊन बसच्या सीटा शिवणाऱ्या एका बाईंकडे गेला. एक गादी झाली, दुसरी झाली. मग पाठीचे टेकू. मग पडदे. एवढ्याशा गाडीत गाद्या असतात तरी किती, असं माझ्या मनात येईपर्यंत एके दिवशी दादा घरातली चांगली धडधाकट उशी काखेत मारून निघाला. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची ही पद्धत. मी त्याला दारातच अडवलं आणि म्हटलं, उशी कुठे फाटलीय ते दाखव. या वयात माणूस कानापर्यंत लाल होऊ शकतो, हे मी तेव्हा पाहिलं.

मला आनंद झाला, सरळच सांगते. वहिनी गेल्यापासून दादा ओट्याशी उभा राहून जेवायचा. पातेल्यातूनच खायचा, ताट घ्यायचा नाही. एकट्यासाठी ताट कशाला विसळायचं, म्हणायचा. मी समोरच्याच घरात राहते. खिडकीतून तो तसा उभा दिसला की मी माझं ताट बाजूला सारायचे.

पण दादा सरळ माणूस आहे, आणि सरळ माणसं इतरांना फार त्रास देतात. त्यानं तिन्ही मुलांना बोलावून सांगितलं, की या बाईंबरोबर उरलेलं आयुष्य काढावं असं मला वाटतंय, पण तुमच्यातल्या एकानं जरी नको म्हटलं तरी विषय संपला, मी पुन्हा काढणार नाही. मी म्हटलं, अरे, लग्न करतोयस की बसच्या थांब्याला मंजुरी मागतोयस? तर म्हणे, चिमणे, घर त्यांचंही आहे.

मधला मुलगा म्हणाला, बाबा, खुशाल करा. धाकटी मुलगी रडली आणि हो म्हणाली. ती जाहिराती बघूनही रडते. थोरली काही बोललीच नाही. थोरली दातांची डॉक्टर आहे. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावते आणि स्वतःचं मिटून ठेवते. वहिनी गेल्यावर सगळ्यांना धरून ठेवायचं काम तिनं अंगावर घेतलं होतं. दर रविवारी सगळे तिच्या घरी जेवायला, वहिनीच्या मोठ्या पातेल्यात, वहिनीच्या पद्धतीनं. माझ्यापाशी मात्र ती बोलली.

"आयत्या बिळावर नागोबा," ती म्हणाली. "आईनं घर उभं केलं, आणि आता या येऊन बसणार."

शेवटी दादानंच तोडगा काढला. तळ्याकाठी कॅम्पिंगचं मैदान आहे, तिथे सगळ्यांनी दोन रात्री जायचं. मधे मोटरहोम, भोवती तंबू. बाईही येतील. निघायच्या दिवशी थोरलीनं काय ते सांगायचं. बाईंनी निरोप धाडला, की पहिल्या संध्याकाळचं जेवण माझ्याकडे. सतरा तोंडं होती आमची, त्यातली आठ पोरांची, आणि पोरं मोठ्यांपेक्षा जास्त खातात. थोरली म्हणाली, शितावरून भाताची परीक्षा करायची, पण आधी भात सगळ्यांना पुरायला तर हवा.

मला त्या जेवणाचीच काळजी लागली. बाईंच्या दुकानावरच्या खोलीत मी एकदा जाऊन आले होते. किती वर्षं एकट्या राहतात कोण जाणे. एक ताट, दोन वाट्या, आणि कढई माझ्या तळहातापेक्षा थोडी मोठी. या बाई सतरा जणांना काय घालणार? पहिल्याच संध्याकाळी पोरं भुकेली राहिली की थोरलीला आयतं कारण मिळणार, आणि दादा पुन्हा ओट्याशी उभा. म्हणून निघायच्या सकाळी मी बटाटे उकडले आणि डबा बॅगेत कपड्यांखाली दडवला. कुणाला बोलले नाही. त्यांचा अपमान नको, आणि पोरांची उपासमारही नको.

आम्ही मैदानावर पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. दादानं गाडी लावली आणि सपाटी बघायची पाणसळ काढली. चाकं वरखाली असली की गाडीतला फ्रिज नीट चालत नाही, झोपलं की डोक्याकडे रक्त उतरतं, म्हणून चाकांखाली लाकडाच्या पाचरी सारून गाडी समपातळीत आणावी लागते. हे काम दादा डोळे मिटून करतो. त्या दिवशी मात्र तो पुन्हा पुन्हा गाडीखाली गेला, पाचर सारली, काढली, परत सारली. पाणसळीतला बुडबुडा काही मधे येईना. बुडबुड्याकडे बघायच्या आधी दादा दर वेळी रस्त्याकडे बघत होता.

बाई आपल्या सामानाच्या गाडीतून आल्या. बुटक्या, केस अगदी बारीक कापलेले, गळ्यात मोजायची टेप. ती काढायची राहून गेली होती, की कायमच असते, कळलं नाही. त्यांनी कुणाच्या गालाला हात लावला नाही, की पोरांना चॉकलेटं वाटली नाहीत. दादाला म्हणाल्या, "डावीकडचं मागचं चाक." दादानं त्या चाकाखाली पाचर सारली आणि बुडबुडा मधे आला. थोरली हे बघत होती. मला वाटलं, झालं, पहिल्याच वाक्याला काम बिघडलं.

थोरलीनं येताना वहिनीचं पातेलं आणलं होतं. उद्याच्या जेवणासाठी, असं म्हणाली, पण ते नुसतं जेवणासाठी नव्हतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. तिनं ते दोन्ही हातांनी गाडीत नेलं आणि शेगडीवर चढवून बघितलं. वरच्या कपाटाला ते अडलं. कसंबसं खाली बसलं तर झाकण उचलायला जागा उरेना. तिनं तिरकं करून बघितलं, दुसऱ्या बर्नरवर सरकवून बघितलं, हट्टी दाढ काढावी तशी झोंबली. बाई दारात उभ्या होत्या. जन्मभर मापं घेतलेल्या बाईंना ते पातेलं तिथे बसणार नाही हे पहिल्या नजरेतच कळलं असणार. पण त्या बोलल्या नाहीत. थोरलीचं करून होईपर्यंत थांबल्या, मग म्हणाल्या, "बाहेर टेबलावर ठेवू या का? मला मोठं भांडं लागणार आहे, आणि मी आणलेलं नाही."

थोरलीनं पातेलं बाहेर आणून टेबलाच्या मधोमध ठेवलं. कशासाठी लागणार, हे तिनं विचारलं नाही. मीही नाही.

मग बाईंनी आपल्या गाडीतून डबे उतरवले. एकात चिरलेला कांदा, एकात मक्याचे दाणे, मटार, सिमला मिरची, गाजर, मशरूम, शिजवलेल्या चिकनचे तुकडे, किसलेलं चीज, लोणी. सगळं कापडाच्या नमुन्यासारखं नेटकं कापलेलं. मधल्याला त्यांनी कोळसे पेटवायला सांगितलं. धाकटीच्या नवऱ्याला फॉइलचे हातभर लांब तुकडे करायला बसवलं. आणि पोरांसमोर एक चपटा डबा उघडून ठेवला, त्यात बटणं होती. दुकानात उरलेली, पितळेची, लोखंडाची, नक्षीची, एकाला एक न मिळणारी.

"सतरा जणांचा स्वयंपाक मला येत नाही," त्या म्हणाल्या. "मी कधी केलेला नाही. एका माणसाचा येतो. तोच सतरा वेळा करू या."

पद्धत अशी होती. प्रत्येकानं एक बटण निवडायचं. फॉइलच्या तुकड्यावर आपल्याला हवं ते हव्या तेवढ्या मापानं घालायचं, वर लोणी, मीठ, मिरपूड, मग कडा दुमडून पुडी बंद करायची. टोकाला बारीक तारेनं आपलं बटण अडकवायचं. सगळ्या पुड्या निखाऱ्यांवरच्या जाळीवर. शिजल्या की चिमट्यानं उचलायच्या आणि ज्याचं बटण त्याची पुडी. ना ताटं, ना वाढणं, ना मला हे नको मला ते नको. पोरांनी तर धुमाकूळ घातला. मधल्याच्या मुलानं नुसतं चीज भरलं. बाई म्हणाल्या, पुडी त्याची आहे.

त्या प्रत्येकाला विचारत होत्या, तुला काय, तुम्हाला काय. थोरलीपाशी आल्या.

"मला काहीही चालेल," थोरली म्हणाली.

"काहीही माझ्याकडे नाही," बाई म्हणाल्या. "कांदा आहे, मका आहे, गाजर आहे."

"सगळ्यांचं होऊ दे. मग मी बघते."

बाई पुढे गेल्या. थोरलीनं बटण उचललं नाही. ती माझ्याजवळ सरकली आणि कुजबुजली, की आत्या, बघितलंस ना, भाज्या आणि चिकनचे चार तुकडे. पोटाला आधार कशाचा? भात नाही, पाव उद्याचा. ही पोरं अर्ध्या तासात पुन्हा भूक भूक करणार. तिचं बरोबर होतं. सगळे डबे उघडून झाले होते आणि त्यात पोट भरेल असं काही नव्हतं. बाईंनी एवढं नेटकं कापून आणलं, आणि मूळ गोष्टच विसरल्या. कपड्यांखालचा डबा आता काढावा की नको, या विचारात मी असतानाच थोरली उठली. तंबूत गेली आणि हातात मोठा स्टीलचा डबा घेऊन आली.

"असू देत म्हणून आणले होते," ती गोड आवाजात म्हणाली. एवढा गोड आवाज मी तिचा तिच्या लग्नातही ऐकला नव्हता. "उकडलेले बटाटे. कमी पडायला नकोत."

मग मधला खाकरला. म्हणाला, आमच्याकडेही थोडे आहेत. त्याच्या बायकोनं तंबूतून डबा आणला. तो मुळीच थोडा नव्हता. धाकटी रडवेली होऊन म्हणाली, मला वाटलं कुणी आणणार नाही. तिचाही डबा निघाला. मग माझा. सगळे एका माळेचे मणी. एवढ्यात दादा गाडीच्या पुढच्या दारातून खाली उतरला. चालकाच्या सीटमागे दडवलेला त्याचा डबा त्याच्या हातात होता, आणि त्यानं तो असा धरला होता, की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

पाच डबे. पाच जणांनी एकमेकांपासून लपवून, त्याच एका बाईंवर विश्वास न ठेवता आणलेले. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी आणि माझा डबा दोघंही आत जावं.

बाईंच्या चेहऱ्यावर मात्र सुटका झाल्यासारखं दिसलं.

"आले का?" त्या म्हणाल्या. "मी वाटच बघत होते. कोण आधी काढतंय, तेच कळत नव्हतं." त्यांनी थोरलीचा डबा घेतला आणि वहिनीच्या पातेल्यात रिकामा केला. मग बाकीचे. पातेलं काठोकाठ भरलं.

थोरली तशीच उभी होती. "म्हणजे तुम्ही मुद्दाम आणले नव्हते?"

"नाही."

"आणि आम्ही आणले नसते तर?"

"यांनी मला सांगितलंय," बाई दादाकडे न बघता म्हणाल्या, "की तुमच्या घरातलं कुणी बटाटे घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. म्हटलं, येतीलच. उकडलेले असले की पुडी लवकर होते, त्या हिशेबानंच बाकीचं चिरलं." त्या जरा थांबल्या. "बटाटे तुमच्या आईचे आहेत. ते मी कशाला आणू?"

धाकटी अर्थातच रडत होती. बाईंनी पहिला बटाटा उचलला, साल सोलली आणि पोरांना सांगितलं, की हाताला चटका बसत नाही, घ्या एकेक. आठही पोरं पातेल्याभोवती जमली. मीही बसले सोलायला.

सतरा पुड्या जाळीवर चढल्या. सोळांना बटणं होती. एक बिनबटणाची, ती बाईंनी थोरलीसाठी भरली होती, सगळं थोडं थोडं घालून. शिजल्यावर सगळे आपापल्या पुड्या घेऊन जागा मिळेल तिथे बसले. दादा गाडीच्या पायरीवर बसला. मांडीवर पुडी, पुडीत काट्याचा चमचा. त्याचं सगळ्यात शेवटी संपलं. माझा भाऊ बसून, सावकाश, चावून जेवत होता, आणि मला त्याच्याकडे बघत राहावंसं वाटत होतं. पोरांनी दुसऱ्यांदा पुड्या बांधल्या. कुणीही भूक भूक केलं नाही.

जेवणं झाल्यावर थोरली डबे घेऊन नळावर गेली. मी तिच्यामागे गेले. ती डबे असे घासत होती, की जणू त्यांनी तिचं काही वाकडं केलंय. मी तिला म्हटलं, आता राग कशाचा आलाय ते तरी सांग.

"त्या वाईट असत्या तर बरं झालं असतं, आत्या," ती म्हणाली. "मला नाही म्हणता आलं असतं."

"मग म्हणू नकोस."

"आणि हो म्हटलं की आई संपली. नाही का?"

मी माझ्या खिडकीतून काय दिसतं ते तिला सांगितलं. दादा ओट्याशी उभा राहून, पातेल्यातून, ताट न घेता जेवतो, ते. तिला हे ठाऊकच नव्हतं. रविवारी तिच्याकडे तो टेबलाशी बसून व्यवस्थित जेवायचा. दर खेपेला म्हणायचा, अगदी तुझ्या आईसारखं झालंय. त्या एका जेवणावर तिनं आठवडा मोजला होता.

"रोज उभं राहून?" तिनं विचारलं.

"रोज."

तिनं नळ बंद केला. घासलेले डबे पुन्हा एकदा पुसले. मग आम्ही परत आलो.

दुसऱ्या दिवशी बटाट्यांनी आमचा सूड घेतला. सकाळी बाईंनी बाहेरच्या शेगडीवर मोठा तवा ठेवून कांदा आणि बटाट्याच्या चकत्या परतल्या, वर अंडी फोडली, आणि ज्यानं त्यानं पाव घेऊन यायचं. दुपारी बटाटे कुस्करून, चीज घालून, पावात भरून भाजले. कुणी स्वयंपाक केला असं वाटतच नव्हतं आणि सगळे जेवलेले असायचे. माझ्यासारखीला हे पचायला जड. जेवण करणारी बाई घामाघूम झाली नाही तर ते जेवण कसलं, अशा मताची मी. पण बाई पडद्याची दोरी दुरुस्त करत बसल्या होत्या आणि दादा त्यांना दोरी धरून देत होता, आणि एवढ्या मोठ्या कुटुंबाची दुपारची जेवणं झालेली होती. मधला म्हणाला, की आत्या, आता पुढचं वर्षभर माझ्यापुढे बटाट्याचं नाव काढू नकोस. मी म्हटलं, आणणारे हात तुझेच होते.

थोरली दिवसभर पोरांना घेऊन तळ्यात होती. बाईंशी बोलली नाही, टाळलंही नाही. दादा तिच्याकडे बघायचा आणि नजर वळवायचा. विचारणार नाही असं त्यानं ठरवलं होतं, आणि माझा हा भाऊ ठरवलेलं पाळतो. मीच दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा बाईंनी माझ्या हातात सोलायला काहीतरी दिलं.

संध्याकाळी पोरांनी पुन्हा पुड्यांचा धोशा लावला. कोळसे पेटले, फॉइल कापली गेली, बटणांचा डबा उघडला. पोरं आपापली कालची बटणं शोधून भांडत होती. एवढ्यात थोरली आली, पोरांच्या हातांमधून हात घालून तिनं डबा चाळला आणि एक पितळेचं मोठं बटण काढलं. मग टेबलाशी उभी राहिली.

"मला कांदा भरपूर," ती म्हणाली. "मका. मशरूम. आणि गाजर नको. गाजर मला आवडत नाही. लहानपणापासून."

मधल्यानं वर बघितलं. धाकटीनंही. गाजर आमच्या घरात दर आठवड्याला व्हायचं. थोरली गेली चाळीसएक वर्षं ते मुकाट्यानं खात आली होती, आणि वहिनीनंतर स्वतःच्या हातानं रांधून सगळ्यांना वाढत होती.

"मला कधी बोलली नाहीस," दादा म्हणाला.

"कुणी विचारलं नाही," थोरली म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात. तिलाच नवल वाटत होतं. "पातेलं एकच असायचं. त्यातून कुणाकुणाचं गाजर काढणार."

बाईंनी गाजराचा डबा तिच्यापासून लांब सरकवला आणि कांद्याचा जवळ आणला. बस. तेवढंच. थोरलीनं पुडी स्वतः बांधली, तार स्वतः पिळली. बटाटा मात्र तिनं पातेल्यातून निवडून निवडून घेतला. ती जेवली तशी मी तिला फार दिवसांत जेवताना पाहिलं नव्हतं. सगळ्यांना वाढून, उरलेलं आहे का बघून, मग स्वतः बसायची सवय होती तिला. इथे वाढायचंच काही नव्हतं.

निघायची सकाळ उजाडली. तंबू उतरले, चादरी झटकल्या, पोरांचे हरवलेले मोजे सापडले आणि सापडलेले पुन्हा हरवले. दादा पाचरी काढायला गाडीखाली गेला. सगळ्यांना ठाऊक होतं की आता काय ते कळायला हवं, आणि म्हणूनच जो तो आपल्या बॅगेची चेन उगाचच उघडून लावत होता. माझा तर जीव टांगणीला लागला होता. मनात म्हटलं, ही पोरगी नाही म्हणाली तर मी हिच्याशी जन्मात बोलणार नाही. लगेच वाटलं, असं कसं, तिला लहानपणी मी अंगाखांद्यावर खेळवलंय.

थोरली वहिनीचं पातेलं पुसून कोरडं करून घेऊन आली. बाई आपल्या गाडीत डबे रचत होत्या. थोरली त्यांच्यापाशी थांबली. पातेलं दोघींच्या मधे.

"पुढच्या वेळी बटाटे मी एकटी आणीन," ती म्हणाली. "पाच-पाच डबे नकोत. बाकीच्यांना तुम्ही सांगून ठेवा. माझं कुणी ऐकत नाही."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. गळ्यातली टेप उगाचच सारखी केली.

"सांगते," त्या म्हणाल्या. "आणि हे पातेलं?"

"हे मी आणणारच. बटाटे कशात काढणार मग?"

धाकटीला रडायचंही सुचलं नाही. मधल्यानं बायकोच्या हातातली बॅग काढून घेतली आणि ती घेऊन चुकीच्या गाडीकडे चालू लागला. मी वाकून मोटरहोमच्या खाली बघितलं. दादा मागच्या चाकापाशी उताणा पडून होता. त्याला सगळं ऐकू आलं होतं. डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहत होतं आणि ते पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता.

"चिमणे," तो म्हणाला, "ही पाचर काही निघत नाहीये."

पाचर त्याच्या हातात होती. मी म्हटलं, निघेल, दादा, सावकाश काढ. आम्ही थांबतो.